पूर्णांकाचे माप यंत्रावर सोपविणारे डेनिस रिची

बेंगळुरूच्या उत्तरेस, विमानतळाकडे जाणाऱ्या वाटेवर येलहंका हे उपनगर लागते. केंपेगौडांच्या घराण्याचे हे जुने ठाणे. आता हवाई दलाचा तळ, रेल्वेच्या चाकांचा कारखाना आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांमुळे ते ओळखले जाते. निट्टे मीनाक्षी तंत्रज्ञान संस्था २००१ मध्ये आणि बीएमएस तंत्रज्ञान संस्था त्यानंतरच्या वर्षी या परिसरात सुरू झाली. बेळगावात मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या अभ्यासक्रमानुसार तेथे पहिल्या वर्षात आलेल्या विद्यार्थ्याला, मग तो स्थापत्य शाखेचा असो वा यंत्र शाखेचा, 'सी' ही संगणकभाषा दीर्घकाळ शिकावी लागली. त्या भाषेतील बहुतेक विद्यार्थ्यांच्या पहिल्या आज्ञावलीची पहिली कामाची ओळ 'इंट' या शब्दाने सुरू होते. एका पूर्णांकासाठी संगणकाच्या स्मृतीत जागा राखून ठेवा, एवढाच तिचा अर्थ. परंतु जागा किती, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक यंत्रावर एकच नसते. ते तसे नसावे, हा निर्णय अमेरिकेतील न्यू जर्सी येथे १९७० च्या दशकाच्या आरंभी घेतला गेला आणि तो घेणाऱ्या संगणकशास्त्रज्ञाचे नाव डेनिस रिची.

डेनिस मॅकअ‍ॅलिस्टर रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ब्राँक्सव्हिल येथे झाला. वडील अ‍ॅलिस्टर रिची हे बेल प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. दूरध्वनी जोडणाऱ्या स्विचिंग मंडलांच्या रचनेवरील एका ग्रंथाचे ते सहलेखक. डेनिस यांचे बालपण न्यू जर्सीतील समिट या गावी गेले. हार्वर्ड विद्यापीठातून त्यांनी १९६३ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतली. तेथेच 'युनिव्हॅक-१' या संगणकाची माहिती देणाऱ्या एका व्याख्यानाने त्यांचे लक्ष वेधले आणि भौतिकशास्त्र मागे पडले. पुढे त्यांनी उपयोजित गणितात डॉक्टरेटसाठी संशोधन केले, १९६८ मध्ये प्रबंधही लिहून पूर्ण केला. पण बांधणी केलेली प्रत ग्रंथालयात जमा करण्याचे राहून गेले आणि पदवी त्यांना कधीच मिळाली नाही. त्या प्रबंधाची प्रत बरीच वर्षे कोणाच्या पाहण्यात नव्हती. ती अमेरिकेतील संगणक इतिहास संग्रहालयाच्या प्रयत्नांतून २०२० मध्ये लोकांसमोर आली.

दरम्यान १९६७ मध्येच रिची वडिलांच्या पाठोपाठ बेल प्रयोगशाळेत रुजू झाले होते. मरे हिल येथील या प्रयोगशाळेत त्या वेळी 'मल्टिक्स' या महत्त्वाकांक्षी कार्यप्रणालीचे काम चालू होते. काम लांबत गेले, खर्च वाढत गेला आणि १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेने अंग काढून घेतले. त्याच सुमारास रिची यांचे सहकारी केन थॉम्प्सन यांनी फारसा वापरात नसलेला 'पीडीपी-७' हा लहान संगणक हाती घेतला आणि त्यावर एक छोटी कार्यप्रणाली रचली. 'युनिक्स' ती हीच. तिच्यासाठी थॉम्प्सन यांनी 'बी' नावाची भाषाही तयार केली. इंग्लंडमधील मार्टिन रिचर्ड्स यांच्या 'बीसीपीएल' या भाषेची काटछाट करून ती बेतलेली होती.

बी भाषेत चलाचा प्रकार निवडण्याचा प्रश्नच नव्हता. संख्या असो, अक्षर असो की स्मृतीतील एखाद्या जागेचा पत्ता असो, सर्वांसाठी एकाच मापाचा कप्पा. पीडीपी-७ यंत्राचा शब्द १८ बिटांचा होता, म्हणून कप्पाही १८ बिटांचा. कप्प्यात काय ठेवले आहे हे भाषेला ठाऊक नसे. आज्ञावली लिहिणाऱ्यानेच ते ध्यानात ठेवायचे. अवघ्या आठ हजार शब्दांची स्मृती असलेल्या यंत्रावर ही काटकसर शोभून दिसत होती.

नवे यंत्र आणि तीन अडचणी

१९७० मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीचा 'पीडीपी-११' हा संगणक प्रयोगशाळेत आला आणि बी भाषेचा साधेपणा अडचणीचा ठरू लागला. या यंत्राचा शब्द १६ बिटांचा होता, पण स्मृतीचे पत्ते मात्र आठ-आठ बिटांच्या बाइटला दिलेले होते. एका कप्प्यात दोन अक्षरे कोंबायची आणि वापरताना पुन्हा सुटी करायची, हा उद्योग बी भाषेत वेगळ्या उपआज्ञावलींच्या मदतीने करावा लागे. जे यंत्र एकेक बाइट सहज उचलू शकत होते, त्याच्यावर हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक होते. दुसरी अडचण अपूर्णांकांची. पीडीपी-११ वर अपूर्णांकांच्या गणिताची सोय होणार असे सांगितले जात होते. १६ बिटांच्या कप्प्यात तसा अपूर्णांक मावणे शक्य नव्हते. तिसरी अडचण पत्त्यांची होती. बी भाषा पत्ता शब्दांच्या हिशेबात मोजी, यंत्र तो बाइटच्या हिशेबात मागे. त्यामुळे दर वेळी पत्ता वापरण्यापूर्वी त्याचे रूपांतर करावे लागे आणि त्यात वेळ जाई.

या तिन्ही अडचणींचे मूळ एकच होते. कप्प्यात काय आहे हे भाषेला कळत नव्हते. रिची यांनी १९७१ मध्ये बी भाषेत दुरुस्त्या करण्यास प्रारंभ केला आणि चलाला प्रकार दिला. सुरुवातीला दोनच मूळ प्रकार होते: एका अक्षरासाठी 'कॅर' आणि पूर्णांकासाठी 'इंट'. त्यांच्या जोडीला त्यांच्या मालिका आणि त्यांचे पत्ते, म्हणजे पॉइंटर. या अवस्थेतील भाषेला काही काळ 'नवी बी' असे म्हटले जाई. प्रकारांची व्यवस्था आकाराला आल्यावर, १९७२ मध्ये, तिचे नाव 'सी' झाले.

यांतील 'इंट'ची व्याख्या हा रिची यांच्या कामातील सर्वांत दूरगामी भाग म्हणावा लागेल. इंट इतक्या बिटांचा असावा असे त्यांनी ठरवून दिले नाही. ज्या यंत्रावर आज्ञावली चालणार, त्या यंत्राला जे माप सर्वांत सोयीचे, तेच इंटचे माप. पीडीपी-११ वर ते १६ बिट होते. १६ बिटांत ६५,५३६ निरनिराळ्या संख्या मावतात. ऋण संख्या धरल्यास उणे ३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंत. धान्याचे माप भरले की वरचे दाणे सांडतात आणि ते दिसतात. पूर्णांकाचा कप्पा भरला की मात्र काही सांडत नाही. जुन्या मोटारीतील किलोमीटरची तबकडी सर्व नऊ झाल्यावर शून्यावर यावी, तसा ३२,७६७ मध्ये एक मिळविताच आकडा एकदम उणे ३२,७६८ वर जातो आणि आज्ञावली काही घडलेच नाही अशा थाटात पुढे चालू राहते.

मग रिची यांनी माप ठरवून का टाकले नाही? युनिक्स ज्या पीडीपी-११ वर वाढली त्याची एकूण स्मृती २४ किलोबाइट होती. यंत्राच्या स्वाभाविक मापाहून वेगळे माप लादले असते तर प्रत्येक बेरजेमागे उत्तर कापण्याच्या वा जोडण्याच्या जादा आज्ञा द्याव्या लागल्या असत्या. सी ही कार्यप्रणाली लिहिण्यासाठी घडविलेली भाषा होती आणि कार्यप्रणालीत अशा बेरजा पदोपदी येतात. यंत्राच्या भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीच्या जवळपास वेग मिळाला नसता, तर तिला कोणी हात लावला नसता. थॉम्प्सन यांनी १९७२ मध्ये युनिक्सचा गाभा सी भाषेत लिहिण्याचा एक प्रयत्न करून सोडून दिला होता. निरनिराळ्या प्रकारांची माहिती एकत्र बांधणारी 'स्ट्रक्चर' ही सोय रिची यांनी भाषेत आणली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात युनिक्सचा गाभा सी भाषेत नव्याने लिहून झाला.

दोन कप्प्यांतील काळ

इंटच्या मर्यादेचा पहिला फटका घड्याळाला बसला. युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीत काळ सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजला जाई. अशी मोजणी १६ बिटांत ठेवणे अशक्य होते, म्हणून ३२ बिट घेतले. पण तेही सुमारे सव्वादोन वर्षांत भरत. मोजणीचा आरंभबिंदू पुढे सरकवून पाहिल्यानंतर अखेर १ जानेवारी १९७० पासूनचे पूर्ण सेकंद मोजण्याची पद्धत रूढ झाली.

येथे आणखी एक गंमत आहे. त्या काळच्या सी भाषेत ३२ बिटांचा पूर्णांक हा प्रकारच नव्हता. म्हणून वेळ दोन इंटच्या जोडीत ठेवीत आणि वेळ सांगणाऱ्या आज्ञेला त्या जोडीचा पत्ता पुरवीत. पुढे 'लाँग' हा प्रकार आला आणि जोडीची गरज संपली. पण पत्ता मागण्याची रीत मागे राहिली. आजही सी भाषेत वेळ विचारताना विद्यार्थी त्या जागी शून्य लिहितो. ते शून्य कशासाठी, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही.

'लाँग' आणि ऋण संख्या न धरणारा 'अनसाइन्ड' हे प्रकार १९७३ नंतरच्या काही वर्षांत भाषेत दाखल झाले. त्यांची खरी कसोटी १९७७ मध्ये लागली. स्टीफन जॉन्सन आणि रिची यांनी युनिक्स 'इंटरडेटा ८/३२' या ३२ बिटांच्या यंत्रावर नेण्याचे काम हाती घेतले, तेव्हा जुन्या आज्ञावलींतील ढिलाई उघडी पडली. पीडीपी-११ वर इंट आणि पत्ता दोन्ही १६ बिटांचे असल्याने लोक एकाच्या जागी दुसरा बिनदिक्कत वापरीत आले होते. भाषेत प्रकार होते, पण ते पाळण्याची सक्ती नव्हती. जॉन्सन यांनी अशा चुका हुडकणारी 'लिंट' नावाची स्वतंत्र आज्ञावली तयार केली. भाषेच्या अनुवादकानेच हे काम करावे, असे तेव्हा ठरले नाही. त्या एका मोकळीकीची किंमत नंतरच्या पिढ्यांनी बरीच मोजली आहे.

रिची यांनी ब्रायन कर्निहॅन यांच्यासह लिहिलेले सी भाषेवरील छोटेखानी पुस्तक १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात चार यंत्रांवरील मापांचा एक लहानसा तक्ता आहे. पीडीपी-११ वर इंट १६ बिटांचा आणि लाँग ३२ बिटांचा. आयबीएम ३७० आणि इंटरडेटा यांच्यावर इंट व लाँग दोन्ही ३२ बिटांचे, शॉर्ट मात्र १६ चा. हनीवेल ६००० या यंत्रावर तर शॉर्ट, इंट आणि लाँग तिन्ही ३६ बिटांचे, आणि अक्षर नऊ बिटांचे. नावे तीन आणि माप एक, असा हा प्रकार वाचकाला गोंधळात टाकणारा वाटेल. परंतु इतक्या भिन्न यंत्रांवर एकच भाषा चालते, हे त्या काळी नवल होते आणि सी जगभर पसरली ती याच गुणामुळे.

सी भाषेचे प्रमाणीकरण करण्यासाठी अमेरिकेत १९८३ मध्ये समिती नेमली गेली व १९८९ मध्ये प्रमाण निश्चित झाले. त्यातही रिची यांचे मूळ तत्त्व कायम राहिले. इंट किमान १६ बिटांचा आणि लाँग किमान ३२ बिटांचा असावा, एवढीच अट घालण्यात आली. रिची या समितीचे सदस्य नव्हते. १९८८ मध्ये समितीने 'नोएलियस' नावाचे एक नवे विशेषण प्रकारांना जोडण्याचे योजिले, तेव्हा मात्र त्यांनी सविस्तर आणि कडक विरोध नोंदविला आणि तो प्रस्ताव मागे घेतला गेला.

आठचा फॅक्टोरियल

भारतीय विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्यांना इंट भेटला तो बोर्लंड कंपनीच्या 'टर्बो सी' या अनुवादकातून. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी' या पुस्तकाने तो देशभरातील वसतिगृहांत पोहोचविला. टर्बो सीमध्ये इंट दोन बाइटचा, म्हणजे १६ बिटांचा होता. त्यामुळे इंट म्हणजे दोन बाइट, हे समीकरण पाठ होऊन बसले. पुढे ३२ बिटांचे अनुवादक आले आणि तोच इंट चार बाइटचा झाला. परीक्षेत कोणते उत्तर लिहावे, यावर येलहंक्यापासून नागपूरपर्यंत वाद झाले असतील. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत आणि यंत्राचे नाव न सांगता विचारलेला प्रश्नच अपुरा आहे.

हा फरक समजण्यासाठी फॅक्टोरियलचे नेहमीचे उदाहरण पुरेसे आहे. टर्बो सीमध्ये सातचा फॅक्टोरियल ५,०४० बरोबर येतो. आठचा ४०,३२० यावयास हवा, तर पडद्यावर उणे २५,२१६ उमटते. निदान उणे चिन्ह पाहून विद्यार्थी दचकतो तरी. चार बाइटच्या इंटमध्ये बाराच्या फॅक्टोरियलपर्यंत सारे सुरळीत चालते. तेराचे खरे उत्तर ६,२२,७०,२०,८०० आहे. यंत्र सामान्यतः १,९३,२०,५३,५०४ दाखविते. ही संख्या धन आहे, मोठी आहे आणि पूर्णपणे चुकीची आहे. गृहपाठात त्याने फार तर गुण जातात. बँकेच्या हिशेबात, यंत्राच्या नियंत्रणात किंवा विमानाच्या उपकरणात असा आकडा शिरला तर तो ओळखण्याचे कोणतेच चिन्ह त्याच्यावर नसते. संख्या किती मोठी होऊ शकेल याचा अंदाज आधी घेऊन प्रकार निवडणे, हे काम सी भाषेने माणसावर टाकले आणि त्याबद्दल त्याला वेळच्या वेळी सावध करण्याची जबाबदारी घेतली नाही.

रिची यांना हे ठाऊक होते. बेल प्रयोगशाळेत ते पुढे कार्यप्रणाली संशोधन विभागाचे प्रमुख झाले. त्यांच्या विभागातून 'प्लॅन ९' आणि १९९६ मध्ये 'इन्फर्नो' या कार्यप्रणाली बाहेर पडल्या. इन्फर्नोसाठी त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लिंबो' नावाची भाषा घडविली आणि तिचा अधिकृत परिचयग्रंथ रिची यांनी लिहिला. त्या भाषेत बाइट आठ बिटांचा, इंट ३२ बिटांचा आणि 'बिग' ६४ बिटांचा असे स्पष्टपणे ठरवून दिलेले आहे. यंत्र कोणतेही असो, त्यात बदल नाही. पंचवीस वर्षांत परिस्थिती पालटली होती. संगणक जाळ्याने जोडले गेले होते आणि एकच आज्ञावली अनोळखी यंत्रांवर जाऊन तेच उत्तर देईल, याला वेगापेक्षा अधिक महत्त्व आले होते. सी भाषेनेही १९९९ च्या प्रमाणात ठरावीक मापाचे पूर्णांक स्वीकारले. मात्र मूळ इंट तिने सोडला नाही. थॉम्प्सन यांचा सहभाग असलेल्या, २००९ साली जाहीर झालेल्या 'गो' भाषेत तर ठरावीक मापांच्या शेजारी यंत्रानुसार बदलणारा इंट पुन्हा मानाने बसला आहे. रिची यांचा पहिला निर्णय चूक होता, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घेण्याजोगे आहे.

रिची आणि थॉम्प्सन यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार १९८३ मध्ये, अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक १९९९ मध्ये आणि जपान पुरस्कार २०११ मध्ये मिळाला. रिची अबोल होते. प्रसिद्धीच्या झोतात ते फारसे आले नाहीत. २००७ मध्ये ते निवृत्त झाले. त्यांनी विवाह केला नव्हता. १२ ऑक्टोबर २०११ रोजी न्यू जर्सीतील बर्कली हाइट्स येथील राहत्या घरी ते मृतावस्थेत आढळले. तेथे ते एकटेच राहत. वय ७० वर्षे होते. त्याच्या एक आठवडा आधी, ५ ऑक्टोबरला, अ‍ॅपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज यांचे निधन झाले होते आणि जगभरची वृत्तपत्रे त्या बातमीने भरून गेली होती. रिची यांच्या निधनाची वार्ता मुख्यतः संगणक क्षेत्रातील लोकांनी एकमेकांना कळविली. पुढच्या महिन्यात आलेली फेडोरा या कार्यप्रणालीची सोळावी आवृत्ती त्यांच्या स्मृतीस अर्पण करण्यात आली.

युनिक्सने पीडीपी-११ वर ज्या ३२ बिटांत काळ साठविण्यास आरंभ केला, त्यांचा प्रश्न अद्याप मिटलेला नाही. ऋण संख्या धरून ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ आहे. १९७० च्या आरंभापासून तितके सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी पूर्ण होतील. पुढच्या सेकंदाला जुन्या पद्धतीने काळ मोजणारे यंत्र १९०१ च्या डिसेंबरातील तारीख दाखवील. मोठे संगणक ६४ बिटांकडे केव्हाच वळले आहेत आणि लिनक्सच्या गाभ्यात ३२ बिटांच्या यंत्रांसाठीही २०२० मध्ये दुरुस्ती झाली आहे. कारखान्यांतील नियंत्रक, मीटर, रस्त्यांवरील आणि इमारतींतील लहान उपकरणे यांच्यात वर्षानुवर्षांपूर्वी बसविलेल्या आज्ञावलींत वेळ कोणत्या प्रकारात ठेवली आहे, हे मात्र एकेक उपकरण उघडून पाहावे लागणार आहे.